नाशिकमध्ये एएम रेडिओ मध्येच का जातो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागांत मीडियम वेव्ह, म्हणजे रेडिओचा एएम पट्टा, ऐकणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. तक्रार बहुधा एकच असते: "स्टेशन पूर्वीसारखं लागत नाही." पण त्यामागची कारणे तीन अगदी वेगळ्या जागी असतात: तुमच्या घरात, वरच्या वातावरणात किंवा केंद्राच्या मनोऱ्यापाशी. आधी जागा ओळखायची, मगच तक्रार करायची.

नाशिकला एएमवर कोणती केंद्रे लागतात?

आकाशवाणीचे नाशिक केंद्र १०१.४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एफएमवर आहे. एएमवर जे ऐकू येते ते सगळे बाहेरगावचे. नाशिककरांच्या ओळखीच्या जागा म्हणजे मुंबईचे ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झ, पुण्याचे ७९२ आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत जळगावचे ९६३. मुंबई-पुण्याचे हे प्रक्षेपक १०० किलोवॅट क्षमतेचे, जळगावचा २० किलोवॅटचा. सरळ रेषेत मुंबई साधारण १४०, पुणे १६५ आणि जळगाव २१५ किलोमीटर. एवढ्या अंतरावर सिग्नल पोहोचतो, पण हाताशी फार काही शिल्लक राहत नाही. मुंबईत ज्या बिघाडाची कुणाला दादही लागत नाही, तो निफाडच्या शिवारात लगेच कळतो.

दिवसभर ठीक असते, दिवेलागणीनंतर आवाज येतो-जातो. केंद्राचा दोष?

नाही. दिवसा आयनावरणाचा, म्हणजे वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर, ज्याला डी थर म्हणतात, मीडियम वेव्ह शोषून घेतो. त्यामुळे तुमच्यापर्यंत येते ती फक्त जमिनीलगत सरकत आलेली लहर. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि त्याच केंद्राची दुसरी लहर वरच्या थरावर आपटून खाली येते. दोन्ही लहरी एकमेकींना कधी पूरक ठरतात, कधी मारक. मारक ठरल्या की आवाज बुडतो, चिरका होतो आणि काही सेकंदांनी किंवा मिनिटाभराने पुन्हा वर येतो.

नाशिकचे दुर्दैव असे की मुंबई आणि पुणे नेमके अशा अंतरावर आहेत, जिथे या दोन्ही लहरी रात्री जवळजवळ तुल्यबळ असू शकतात. मनोऱ्याजवळ जमिनीवरची लहर वरचढ असते, फार लांब आकाशातली. अधल्यामधल्या पट्ट्याला दोन्हीचा ताप. शिवाय रात्री त्याच वारंवारतेवरची दूरदेशीची केंद्रेही येऊन धडकतात आणि मागे बारीक घुमणे किंवा दुसरीच भाषा ऐकू येते. म्हणून केंद्राची तब्येत तपासायची असेल तर ती सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळातच तपासावी. रात्रीची नोंद तक्रारीत टाकली तर अभियंता ती पहिल्या वाचनात बाजूला ठेवेल, आणि त्याचे चूकही नाही.

बिघाड घरात आहे की केंद्रात, हे ओळखायचे कसे?

रेडिओ सेलवर चालवा, अडॅप्टर भिंतीतून काढून टाका. मग घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे; एकेक एमसीबी चढवत गेलात की सापडतो. थांबली नाही तर रेडिओ घेऊन घरापासून आणि विजेच्या तारांपासून वीस-तीस मीटर लांब जा. तिथे स्वच्छ लागले तर त्रास शेजारचा किंवा तारांचा आहे.

उघड्यावरही स्टेशन क्षीण असेल तर त्याच क्षणी दुसरे केंद्र लावा. ५५८ क्षीण आणि ७९२ नेहमीसारखे असेल तर बोट मुंबईकडे जाते. दोन्ही क्षीण असतील तर आधी रेडिओवर संशय घ्यावा. सेल उतरलेले, बँड स्विचवर गंज, किंवा फेराइट कांडीवरची, म्हणजे रेडिओच्या आतल्या एएम अँटेनावरची, केसासारखी तार जोडावर तुटलेली, यांपैकी काहीतरी सापडते. रेडिओ खाली पडला असेल तर कांडीच दुभंगलेली असू शकते. ती डिंकाने चिकटवली तरी पूर्वीची ग्रहणशक्ती पूर्ण परत येत नाही, बदललेली बरी.

एक शेवटची खूण सगळ्यांत उपयोगी आहे. आवाज गेला त्या क्षणी मागची खरखर वाढली की कमी झाली, ते ऐका. प्रक्षेपक पूर्ण बंद पडला तर रेडिओ आपोआप संवेदनशीलता वाढवतो आणि खरखर उसळते. खरखर न वाढता नुसती शांतता आली तर मनोऱ्यावरून मूळ लहर, म्हणजे कॅरियर, येते आहे. फक्त तिच्यावर कार्यक्रम चढलेला नाही.

घरातली खरखर नेमकी कशाने होते?

स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर. या सगळ्यांत वेगाने उघडझाप करणारा वीजपुरवठा असतो आणि तो मीडियम वेव्हच्या पट्ट्यातच गोंगाट सोडतो. चार्जरची वायर फेराइट रिंगमधून सात-आठ वेढे देऊन फिरवली तर बराच फरक पडतो. रिंग चार्जरला लागून हवी.

शेतात दोन जास्तीचे त्रास. सौर कृषिपंपाचा कंट्रोलर ऊन असेपर्यंत सतत चिरचिर करतो. ढग आला की आवाज बदलतो, त्यावरून तो ओळखावा. आणि सेकंदा-दीड सेकंदाला ठरावीक 'टक्' येत असेल तर ती रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन. कुंपणाच्या तारेला गवत टेकले किंवा इन्सुलेटर फुटला की तिथे ठिणगी पडते आणि 'टक्' मोठा होतो. गवत कापले की रेडिओ सुधारतो, आणि कुंपणही.

भारनियमनात रेडिओ एकदम स्वच्छ का लागतो, याचे उत्तरही इथेच आहे. कोरड्या दिवसांत ११ किंवा ३३ केव्ही लाइनवर सतत भाजल्यासारखी खरखर असेल आणि पहिल्या चांगल्या पावसात ती थांबत असेल, तर खांबावरचा सैल जोड किंवा धूळ बसलेला इन्सुलेटर ठिणग्या टाकतो आहे. खांबाचा नंबर देऊन वीज कंपनीकडे तक्रार करा; तो त्यांच्यासाठीही धोक्याचा इशारा असतो.

दुपारच्या वेळी स्टेशन दोन-तीन सेकंद जाते आणि परत येते. हे काय?

असा तुटकपणा बहुतेकदा संरक्षण यंत्रणेचा असतो. मनोऱ्याकडे पाठवलेल्या शक्तीतली काही परत फिरली, तर प्रक्षेपक स्वतःला वाचवण्यासाठी क्षणभर बंद होतो आणि आपणच पुन्हा सुरू होतो. मनोऱ्याच्या पायाशी ठिणगीफट असते: दोन धातूचे गोळे, मध्ये काही मिलिमीटर जागा. वीज पडली तर तिने तिथून उडी मारून जमिनीत जावे, ही योजना. या फटीत कीटक, धूळ किंवा ओल साठली की वीज न पडताही ठिणगी पडते. तळाच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मळ बसला किंवा मनोऱ्याभोवतीचे गवत वाढून धातूला टेकले तरी तेच. एका तासात असे पाच-सहा वेळा झाले तर काही प्रक्षेपक पुन्हा सुरू व्हायचे नाकारतात आणि माणसाने येऊन रीसेट करावे लागते. माणूस त्या पाळीला नसेल तर दोन सेकंदांचा बिघाड दोन तासांचा होतो.

अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंतचा खंड वेगळा. तो वीज जाऊन जनरेटरवर बदल होण्याचा. जुन्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळीच्या, प्रक्षेपकात वीज परत आली तरी फिलामेंट तापेपर्यंत थांबावे लागते, म्हणून खंड लांबतो. घड्याळ लावून खंड मोजला की निम्मे निदान तिथेच होते.

सिग्नल आहे, पण कार्यक्रमच नाही. असे कसे?

स्टुडिओ शहरात आणि मनोरा बाहेर मोकळ्या जागेत, अशी एएम केंद्रांची मांडणी असते. मधला दुवा मायक्रोवेव्ह, भाड्याची लाइन, फायबर किंवा उपग्रह यांपैकी काहीतरी. तो तुटला की मनोरा इमाने इतबारे शांतता प्रसारित करत राहतो. पर्यायी दुवा असतो, पण तो आपोआप बदलणारा नसेल तर कुणाच्या तरी कानावर शांतता पडेपर्यंत काही होत नाही. हा बिघाड श्रोत्याच्या फोनने सर्वांत लवकर सुटतो.

दोन-तीन वर्षांत आवाज हळूहळू क्षीण झाला. केंद्र तर चालूच आहे म्हणतात.

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. एएम केंद्राचा ऱ्हास बहुतेकदा बंद पडण्यातून दिसतच नाही. केंद्र चालू असते, फक्त कमी पडते. त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली, पॉवर मॉड्यूलची. आजचे प्रक्षेपक ट्रान्झिस्टरच्या अनेक मॉड्यूलचे उत्पादन एकत्र करून शक्ती उभी करतात. एखादे जळाले तर बाकीचे काम ओढून नेतात, हा त्यांचा गुण. पण तोच घात करतो, कारण सुट्या भागांची मागणी पुढे ढकलता येते. एकत्रीकरणाच्या अनेक रचनांत शक्ती मॉड्यूलच्या प्रमाणात नव्हे, प्रमाणाच्या वर्गात घटते: दहापैकी एक गेले तर शक्ती ८१ टक्के, तीन गेली तर ४९ टक्के. म्हणजे १०० किलोवॅटचे केंद्र ४९ वर आले तरी पाटीवर १००च.

दुसरी वाट जमिनीतली. एएम मनोरा एकटा काम करत नाही. त्याच्या बुंध्यापासून सर्व दिशांना पुरलेल्या तांब्याच्या तारा हा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. आदर्श संख्या १२० तारा, म्हणजे दर तीन अंशांना एक, आणि प्रत्येकीची लांबी पाव तरंग, म्हणजे तरंगलांबीचा चौथा भाग. ५५८ किलोहर्ट्झला पाव तरंग म्हणजे सुमारे १३४ मीटर, ७९२ ला सुमारे ९५. हिशेब केला की कळते, १६ किलोमीटर तांबे जमिनीत हातभर खोलीवरही नाही. ते चोरीला जाते, नांगराने किंवा जेसीबीने तुटते, जोड गंजतात. पाव तरंग उंचीच्या मनोऱ्याचा प्रारण रोध, म्हणजे शक्ती लहरीच्या रूपात बाहेर टाकणारा रोध, सुमारे ३६ ओहम. जमिनीतला तोटा २ ओहम असेल तर ९५ टक्के शक्ती बाहेर पडते. १२ ओहम झाला तर ७५ टक्के. मनोरा आखूड असेल, समजा रोध १० ओहमच, तर हेच आकडे ८३ आणि ४५. मीटरवर मात्र प्रक्षेपक पूर्ण शक्ती दाखवतो, कारण ती शक्ती खरोखरच बाहेर पडते आहे, माती तापवायला.

तिसरी वाट आवाजाच्या पातळीची, आणि ही दुरुस्त करायला जवळजवळ फुकट. एएममध्ये कार्यक्रम कॅरियरवर किती खोल कोरला आहे, याला मॉड्युलेशन म्हणतात. ते १०० वरून ५० टक्क्यांवर आले तर कार्यक्रम वाहणारी शक्ती अर्धी नाही, चतुर्थांश उरते. आवाजाची पातळी सांभाळणारा प्रोसेसर बायपास केलेला, दुव्याची पातळी कमी ठेवलेली, कन्सोलवर वाक्यागणिक वरखाली. एवढ्याने नाशिकमध्ये १०० किलोवॅटचे केंद्र २५ चे भासते. रेडिओची सिग्नल दाखवणारी सुई भरपूर हलते पण बोलणे खोल विहिरीतून आल्यासारखे वाटते, तेव्हा कारण हेच.

वीज वाचवण्यासाठी काही प्रक्षेपकांत कॅरियरची शक्ती कार्यक्रमानुसार कमी-जास्त करण्याची सोय असते. जवळच्यांना ती कळत नाही. लांबच्यांना मात्र शक्ती उतरेल तेव्हा मागची खरखर वर येते.

देखभाल का ढिली पडली?

आळस हे त्याचे सोपे उत्तर आहे आणि ते पुरेसे नाही. प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत जुने मीडियम वेव्ह प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करून एफएमवर भर दिला आहे. जे बंदच करायचे त्याच्यासाठी सुटे भाग कोण मागवणार? मोठ्या शक्तीचे व्हॉल्व्ह बनवणारे जगातच मोजके उरले आहेत. मनोऱ्याच्या तळाचे ट्यूनिंग आणि जमिनीतले जाळे जाणणारी पिढी निवृत्त झाली. हे काम पुस्तकातून अर्धेच शिकता येते.

खर्चही मोठा आहे. १०० किलोवॅटच्या आधुनिक प्रक्षेपकाला सुमारे १२५ किलोवॅट वीज लागते असे धरले, तर १८ तासांच्या प्रसारणाला रोज २,२५० युनिट. जुना व्हॉल्व्हचा असेल तर तीन हजारांच्या वर. वातानुकूलन वेगळे. त्याच केंद्राच्या एफएम प्रक्षेपकाचे बिल याच्या पासंगालाही पुरत नाही. त्यात मनोऱ्याभोवतीची मोकळी जमीन शहराच्या वाढीत आली की अतिक्रमण, चोरी आणि 'एवढी जागा कशाला' हा प्रश्न, तिन्ही सोबत येतात.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. इन्सुलेटर पुसणे, गवत कापणे, ठिणगीफट तपासणे, ट्यूनिंगच्या खोलीतले नट-बोल्ट आवळणे आणि पालींना आत येऊ न देणे, याला ना आयात लागते ना निविदा. ही कामे चुकली तर ती निव्वळ हलगर्जी.

पावसाळ्यात सुधारते की बिघडते?

दोन्ही. ओली जमीन लहरीला जरा बरी वाट देते. सह्याद्रीचा कोरडा कातळ तिला खातो. पण मे-जूनच्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजांचा कडकडाट शेकडो किलोमीटरवरून ऐकू येतो. केंद्राकडे ओल शिरून यंत्रणा बंद पडायचे प्रमाणही त्याच काळात वाढते. गडगडाट जवळ आला असेल तर बाहेरची तार लावलेला रेडिओ वापरू नका.

एका जागी नुसता 'फुस्स' असा सपाट आवाज येतो. जॅमिंग आहे का?

बहुधा ते डिजिटल प्रसारण आहे, डीआरएम. साध्या रेडिओला ते सपाट फुसफुशीसारखे ऐकू येते. आकाशवाणीच्या अनेक मीडियम वेव्ह प्रक्षेपकांवर ही सोय आहे आणि अनेक नव्या मोटारींच्या रेडिओत डीआरएम असते. काही प्रक्षेपक एकाच वेळी दोन्ही पाठवतात. तेव्हा एकूण शक्ती वाटली जाते आणि साध्या रेडिओच्या वाट्याला कमी येते. डिजिटलमध्ये खरखर नसते. सिग्नल पुरेसा असेल तर स्वच्छ, नसेल तर एकदम शांत.

रेडिओची लांब दांडी बाहेर काढली तरी फरक पडत नाही.

पडणार नाही. ती दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हची. एएमचा अँटेना आतली फेराइट कांडी, आणि ती केंद्राच्या दिशेला काटकोनात हवी. मुंबई नाशिकच्या नैर्ऋत्येला, म्हणून कांडी वायव्य-आग्नेय ठेवा. पुण्यासाठी पूर्व-पश्चिम. बहुतेक रेडिओंत ती वरच्या कडेला लांबीने बसवलेली असते. कांडीचे टोक ज्या दिशेला, तिकडचे सगळे क्षीण होते. खरखरीचा उगम एका बाजूला असेल तर टोक तिकडे वळवून तो दाबता येतो.

आणखी ताकद हवी असेल तर घरी काही करता येईल?

लूप अँटेना करा. ६० सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट घ्या, तिच्यावर अर्धा ते एक मिलिमीटर जाडीच्या इनॅमल तारेचे १३ वेढे, प्रत्येकात ५ मिलिमीटर अंतर. तार ३३ मीटर पुरते. दोन्ही टोके जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरच्या, म्हणजे स्टेशन लावायच्या फिरत्या कंडेन्सरच्या, एका भागाला जोडा. तो सुमारे ३६५ पिकोफॅरडचा असावा. जुना गँग मिळाला नाही आणि प्लॅस्टिकचा छोटा वापरला, दोन्ही भाग एकत्र जोडून साधारण २०० पिकोफॅरड, तर वेढे १८ करा. वेढे कमी पडले तर ५५८ पर्यंत ट्यूनिंग उतरतच नाही. ही नेहमीची चूक.

रेडिओला तार जोडायची नाही. चौकट उभी करून तिची कड केंद्राकडे करा, रेडिओ शेजारी असा ठेवा की कांडी चौकटीच्या सपाट बाजूला काटकोनात येईल. स्टेशन लावा आणि गँग हळू फिरवा; एका जागी आवाज ठळकपणे उठतो. टीव्ही आणि इन्व्हर्टरपासून चौकट लांब हवी, नाहीतर खरखरही तितकीच उठेल.

गाडीतल्या स्टिरिओवर ५५८ येतच नाही. ५५० नंतर थेट ५६०.

स्टिरिओ अमेरिकेच्या सेटिंगवर आहे. तिथे १० किलोहर्ट्झच्या पायऱ्या असतात. आपल्याकडे ९ च्या, म्हणून आपली सगळी एएम केंद्रे नऊच्या पटीत. सेटिंगमध्ये 'रिजन' किंवा 'एरिया' आशिया अथवा युरोप करा. एफएमची साठवलेली स्टेशने पुसली जातील, ती पुन्हा लावून घ्या.

तक्रार कशी लिहावी, म्हणजे कुणीतरी खरेच बघेल?

"आवाज नीट येत नाही" असे लिहिलेली तक्रार कुठेच पोहोचत नाही. असे लिहा: वारंवारता, तारीख, घड्याळी वेळ सुरुवात आणि शेवट, गाव, रेडिओ सेलवर होता की नाही, कॅरियर होता की गेला, आणि त्याच वेळी दुसरे केंद्र कसे होते. उदाहरणार्थ, "५५८ किलोहर्ट्झ, सकाळी १०.१२ ते १०.१९, कॅरियर नाही, पिंपळगाव बसवंत, सेलवर, ७९२ नेहमीसारखे." दहा-बारा दिवसांच्या अशा नोंदी केंद्राच्या अभियांत्रिकी प्रमुखाला पाठवा. त्या केंद्राच्या लॉगबुकशी ताडून पाहता येतात, म्हणून झटकता येत नाहीत. उत्तर नाही आले तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तोच मजकूर नोंदवा.

त्यानंतर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "देखभाल का होत नाही?" असे विचारू नका; 'का' या प्रश्नाला माहिती नाही म्हणून बगल मिळते. कागद मागा: ठरावीक महिन्यांतील पुढे गेलेल्या व परतलेल्या शक्तीच्या रोजच्या नोंदी, बंद राहिलेले तास, कमी शक्तीवर चाललेले तास, बंद असलेल्या पॉवर मॉड्यूलची संख्या, जमिनीतल्या जाळ्याच्या रोधाची शेवटची मोजणी व तिची तारीख, मंजूर आणि भरलेली अभियांत्रिकी पदे. कमी शक्तीच्या तासांची ओळ विसरू नका. बंदचे तास सहसा थोडे निघतात. खरी गोष्ट त्या ओळीत असते.

एफएम असताना एवढा खटाटोप कशासाठी?

शहरात राहत असाल तर करू नका, १०१.४ लावा, किंवा आकाशवाणीचे न्यूजऑनएअर ॲप, किंवा डीडी फ्री डिशवरच्या रेडिओ वाहिन्या. पेठ-सुरगाण्याच्या दऱ्यांत मात्र एफएमची लहर डोंगराच्या सावलीत अडते, मोबाइलची रेंज टेकडीवर चढल्याशिवाय येत नाही, आणि घाटातून वाकून येणारी मीडियम वेव्ह दोन सेलच्या रेडिओवर लागते. तिथे रेडिओ घेताना फेराइट कांडी निदान १० सेंटिमीटर लांब आहे का ते मागचे झाकण उघडून बघून घ्या. बोटाएवढ्या कांडीचे खिशातले रेडिओ या अंतराला कामाचे नाहीत.